द्राक्षबागेतलं गवत सॅटेलाइटवरून बघायचंय? आधी छाटणीच्या तारखा गोळा करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्ही दिंडोरी-निफाड भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघता, सभासदांचे प्लॉट बहुतेक मांडवाचे (आडव्या तारांच्या छपरावर वेल), काही वायचे (Y आकाराच्या आधारावर), थोडे वाइनच्या द्राक्षांचे. दोन ओळींमधली जमीन उघडी ठेवायची नाही, गवत राखायचं किंवा ताग-धैंचा करायचा किंवा पाचट अंथरायचं असं सगळ्यांनी ठरवलंय, आणि ते खरंच कोण करतंय हे दर महिन्याला सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटच्या फोटोंवरून बघायचंय. तुम्ही जानेवारीचा एनडीव्हीआय (लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) काढलात तर सगळेच प्लॉट हिरवेगार दिसले, ज्याने तणनाशक मारून जमीन कोरी केलीये त्याचाही. म्हणून विचारताय की १० मीटरचा पिक्सेल (फोटोतला एक ठिपका) कमी पडतोय का, ३ मीटरवाला विकतचा डेटा घेऊ का.

या कामासाठी तरी घेऊ नका. तुमची अडचण पिक्सेलच्या आकाराची नाहीये. जानेवारीत मांडवावर पानांचं छप्पर पूर्ण भरलेलं असतं आणि सॅटेलाइट वरून बघतो, त्याला दिसतो तो मांडव. खाली गवत आहे का कोरी माती आहे हे त्याला कळायचा काही मार्गच नाही, पिक्सेल ३ मीटरचा करा नाहीतर अर्ध्या मीटरचा करा, छप्पर तेच. त्यामुळे पहिला प्रश्न असा हवा की वर्षातून कधी ते छप्पर उघडं असतं.

आपल्याकडे ते दोनदा उघडतं, एप्रिलच्या खरड छाटणीला (नवी काडी तयार करण्यासाठीची) आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला (फळासाठीची). हे इतकं ठासून सांगतेय कारण इंटरनेटवर या विषयाचे जे पेपर सापडतात ते बहुतेक फ्रान्स, इटली, स्पेन, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियाचे. तिथे थंडीत वेलीची पानं गळतात, वेल तीन-चार महिने झोपलेली असते आणि त्याच दिवसात पावसाने मधलं गवत वाढलेलं असतं, म्हणजे त्यांना आयतीच लांबलचक खिडकी मिळते. आपली वेल झोपत नाही, आपण तिला वर्षात दोनदा कात्री लावून नव्याने फोडतो. तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून डिसेंबर-जानेवारीचा फोटो घेतला की तुमच्यासारखं होतं, सगळं हिरवं.

आता ऑक्टोबरची खिडकी नेमकी किती ते बघा. छाटणीच्या आधी बरेच जण इथेफॉन मारून पानगळ करून घेतात, म्हणजे छाटणीच्या आठवडाभर आधीच मांडव विरळ व्हायला लागतो. मग छाटणी, मग पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), आठ-बारा दिवसात डोळे फुगून फुटतात, पोंगा (नुकता फुटलेला कोंब), आणि अठरा-वीस दिवसापर्यंत चार-पाच पानं. इथपर्यंत वरून जमीन बऱ्यापैकी दिसते, नंतर फुटवे पळायला लागतात आणि दीड महिन्यात मांडव पुन्हा झाकला जातो. म्हणजे हातात आले साधारण पंचवीस दिवस. सेंटिनेल-२ दोन सॅटेलाइट मिळून ५ दिवसांनी एकदा येतो, म्हणजे पाच फेऱ्या, त्यातल्या एक-दोन ढगात जाणार कारण परतीचा पाऊस असतोच. दोन-तीन स्वच्छ फोटो मिळाले तर भरपूर झालं, या कामाला तेवढे पुरतात.

पण ही खिडकी प्रत्येक प्लॉटची वेगळी. एकाच शिवारात एकाची छाटणी सप्टेंबरच्या शेवटी, शेजाऱ्याची ऑक्टोबरच्या शेवटी, आणि बागलाणकडे अर्ली वाले तर जुलै-ऑगस्टमध्येच छाटून मोकळे होतात (त्यांची खिडकी भर पावसात उघडते, तिथे सॅटेलाइटवर भरवसा ठेवू नका). सगळ्या गावाचा १५ ऑक्टोबरचा एक फोटो घेऊन नकाशा रंगवला तर तुम्ही जमीन मोजत नसता, कुणाची छाटणी आधी झाली एवढंच मोजत असता. म्हणून सगळ्यात आधी प्रत्येक प्लॉटच्या दोन्ही छाटण्यांच्या तारखा लिहून घ्या. द्राक्ष शेतकऱ्याला छाटणीची तारीख तोंडपाठ असते, सगळं फवारणीचं गणित तो "छाटणीनंतर कितवा दिवस" यावरच करतो, त्यामुळे हे मिळवायला अवघड काही नाही. मग प्रत्येक प्लॉटसाठी त्याच्या तारखेच्या दोन दिवस आधीपासून अठरा दिवस नंतरपर्यंतचे स्वच्छ फोटो घ्यायचे आणि त्यातून मधला आकडा (मीडियन) काढायचा, कॅलेंडरचा महिना विसरायचा.

या दिवसात जमिनीवर काय चाललेलं असतं तेही लक्षात ठेवा. छाटणीच्या आधी बोदाची (वेलीच्या ओळीखालचा मातीचा वरंबा) चाळणी, शेणखत, बेसल डोस, काही जण मधला पट्टा रोटाव्हेटरने फिरवून घेतात. छाटलेली काडी पट्ट्यात पडलेली असते, ती कुणी बाहेर काढतं, कुणी तिथेच कुट्टी करतं. शिवाय पावसाळी गवत ऑक्टोबरात राखायला शेतकरी बिचकतो कारण पुढे डाऊनी या बुरशीरोगाचे दिवस असतात, खाली दमटपणा नको असतो, आणि तणावर मिलीबग-थ्रिप्स या किडींना आसरा मिळतो ही त्याची भीती काही खोटी नाही. म्हणजे छाटणीनंतर दहाव्या दिवशी जमीन कोरी दिसली याचा अर्थ त्याने वर्षभर काहीच राखलं नाही असा होत नाही, त्या वेळी ती कोरी होती एवढाच होतो. हा फरक तुमच्या अहवालात स्पष्ट लिहिलेला असू दे.

तागाबद्दल सरळ सांगते. मांडवाखाली जूनमध्ये पेरलेला आणि फुलोऱ्याआधी-फुलोऱ्यात कापून गाडलेला ताग सॅटेलाइटवर दिसणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर खरड छाटणीची काडी-पानं भरलेली, त्याच्या वर ढग. त्यासाठी शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा लोकेशन आणि तारखेचा फोटो हाच पुरावा, त्यात कमीपणा काही नाही. ढगातून बघणारा रडार म्हणजे सेंटिनेल-१ आहेच, पण मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल यांच्यावरून येणारा सिग्नल आणि ओळीची दिशा हे सगळं त्यात मिसळतं, गवताचा भाग त्यातून वेगळा काढायच्या भानगडीत मी तुम्हाला पाठवणार नाही.

एप्रिलची खिडकी उलट्या कामाची आहे. आभाळ स्वच्छ, जवळजवळ प्रत्येक फेरीचा फोटो वापरता येतो, खरड छाटणीनंतर ओलांड्यापर्यंत (वेलीचे कायमचे आडवे हात) सगळं काढलेलं असतं, म्हणजे छप्पर ऑक्टोबरपेक्षाही जास्त उघडं. पण जमीन कोरडी, ड्रिप फक्त बोदावर, मधल्या पट्ट्यात हिरवं काही नसतंच बहुतेक ठिकाणी. त्यामुळे खरड छाटणीनंतरच्या या खिडकीतला आकडा म्हणजे त्या प्लॉटच्या कोऱ्या मातीचा आकडा असं धरता येतं, आणि तो फार उपयोगी पडतो. काळ्या मातीवर आणि मुरमाड मातीवर सारखंच गवत असलं तरी एनडीव्हीआय सारखा येत नाही, विरळ गवत असेल तर काळ्या मातीवर तो थोडा जास्तच दिसतो. म्हणून सगळ्यांना एकच कटऑफ लावला, समजा ०.३ च्या खाली म्हणजे नापास, तर मुरमावरच्या शेतकऱ्यावर अन्याय होतो. प्रत्येक प्लॉटची तुलना त्याच्याच कोऱ्या मातीशी करायची. सॅव्ही नावाचा इंडेक्स आहे, त्यात मातीच्या रंगाचा परिणाम कमी करायला ०.५ चा एक आकडा घातलेला असतो, तो वापरलात तरी चालेल, पण प्लॉटचा स्वतःचा बेस घेतल्याशिवाय तोही पुरत नाही असं माझं मत.

उदाहरण घेऊ. एका प्लॉटचा खरड छाटणीनंतरचा कोऱ्या मातीचा एनडीव्हीआय ०.१५ आहे. त्याच भागातल्या मोकळ्या शेतात दाट गवत किंवा दाट ताग असताना ०.७५ येतो. गोडी छाटणीनंतर सातव्या दिवशी आपल्या प्लॉटचा आला ०.३९. तर ०.३९ मधून ०.१५ वजा केले, ०.२४ उरले, आणि त्याला ०.७५ वजा ०.१५ म्हणजे ०.६० ने भागलं, आलं ०.४०. म्हणजे ढोबळमानाने ४० टक्के जमीन हिरव्याने झाकलेली. हे ४० म्हणजे ४० च असं नाही, ३० ते ५० मधलं काहीतरी असं समजा. उघडी, अर्धी झाकलेली, चांगली झाकलेली असे तीन गट पाडा, त्याहून बारीक टक्के अहवालात छापू नका, पुढे कुणीतरी ४२ आणि ४५ वरून भांडत बसेल.

पाचट अंथरलंय त्यांचं काय, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि तोच बहुतेक लोक विसरतात. एनडीव्हीआय हिरवं ओळखतो, वाळलेलं ओळखत नाही. ज्याने ट्रॉली भरभरून पाचट आणून जमीन पूर्ण झाकली त्याचा एनडीव्हीआय कोऱ्या मातीच्या आसपासच येणार, आणि तुमच्या नकाशावर तो लाल दिसणार, म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त खर्च केला तोच नापास. सुक्या काडीकचऱ्यासाठी शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचे दोन बँड (सॅटेलाइट वेगवेगळे मोजतो ते प्रकाशाचे भाग) वापरावे लागतात, सेंटिनेलमधले ११ आणि १२. त्यांची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीटीआय मिळतो, मुळात नांगरट ओळखायला काढलेला इंडेक्स. पाचट असेल तर तो मातीपेक्षा वर जातो. पण माती ओली असली की हा इंडेक्स गडबडतो, म्हणून तो एप्रिलच्या कोरड्या दिवसातच वापरा, अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर चार-आठ दिवस जाऊ द्या.

आणि हे दोन बँड २० मीटरचे आहेत. इथे मात्र पिक्सेलचा आकार खरंच आडवा येतो, कसं ते बघा. एक एकर चौरस धरला तर बाजू साधारण ६४ मीटर. कडेचा पिक्सेल निम्मा आपला, निम्मा बांधाचा, म्हणून तो टाकून द्यायचा असतो. १० मीटरचे बँड घेतले तर चारही बाजूंनी १० मीटर सोडून ४४ बाय ४४ मीटर उरतात, म्हणजे एकरातल्या ४० पैकी १९-२० पिक्सेल हाताशी राहतात, ठीक आहे. २० मीटरचे बँड घेतले तर २४ बाय २४ उरतात, एक, फार तर दोन पिक्सेल. एका पिक्सेलवर कुणाबद्दल काही बोलू नये. म्हणून पाचटाची तपासणी दोन एकरापेक्षा मोठ्या आणि नीट चौकोनी प्लॉटपुरतीच ठेवा, तिथेही पाच-सहाच पिक्सेल मिळतात, बाकीच्यांचं जाऊन बघा. ३ मीटरच्या डेटाचंही सांगते, ९ फुटी ओळ म्हणजे २.७ मीटर, त्यामुळे ३ मीटरचा पिक्सेलसुद्धा ओळ आणि पट्टा वेगळा करू शकत नाही, फक्त कडा जरा स्वच्छ येतात. एकरापेक्षा छोटे प्लॉट खूप असतील तर त्या कारणासाठी विचार करा. पट्टा आणि बोद वेगवेगळे बघायचे असतील तर ड्रोनच लागेल, आणि तोही छाटणीच्या त्याच खिडकीत उडवावा लागेल.

वायच्या बागांना दोन ओळींच्या फांद्यांमध्ये थोडी फट राहते, म्हणून तिथे खिडकी थोडी जास्त दिवस चालते, पण किती ते वेलीला वळण कसं दिलंय त्यावर आणि शेंडा कसा मारतात त्यावर अवलंबून, नियम सांगता येणार नाही. वाइनची द्राक्षं मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. उभ्या तारांवर वाढवलेली वेल वरून बघितली तर भिंतीसारखी, अर्धा-पाऊण मीटर जाड, आणि दोन ओळींत ८ फूट म्हणजे २.४ मीटर. म्हणजे पिक्सेलचा तीन चतुर्थांश भाग वर्षभर जमीनच आहे. तिथे तुम्ही ढगांचे महिने सोडले तर दर महिन्याला नक्की बघू शकता, फक्त लोक तिथे उलटी चूक करतात, नोव्हेंबरमध्ये प्लॉट हिरवा दिसला की वेल जोमात आहे असं समजतात, आणि जाऊन बघावं तर वेल मरगळलेली आणि मध्ये गुडघाभर गवत. तिथे ऑक्टोबर ते जानेवारीचा उतार बघा, पावसाळी गवत जानेवारीपर्यंत वाळतं आणि वेल हिरवीच राहते, त्यामुळे जो आकडा खाली येतो तो बहुतेक गवताचा असतो. थंडीत सकाळी अकराच्या सुमाराला सॅटेलाइट जातो तेव्हा ओळीची सावली पट्ट्यात पडलेली असते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचे आकडे जरा सैल हाताने धरा आणि वेगवेगळ्या दिशेच्या ओळींची एकमेकांशी तुलना टाळा.

आता हद्दी. सातबाऱ्याच्या गटाची हद्द आणि बागेची हद्द एक नसते. गटात घर असतं, विहीर असते, प्लास्टिकचं शेततळं असतं, बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरीची रांग असते. शेवरी मे महिन्यातही हिरवी, शेततळ्याचा आकडा शून्याच्या खाली, दोन्ही मिळून सरासरीची वाट लावतात. मोबाइल घेऊन बागेच्या कडेने चालून हद्द आखून घ्या, मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर हलतं पण आपण कडेचे १० मीटर सोडतोयच. आणि कुणाच्या बागेवर पावसासाठी प्लास्टिक कव्हर आहे ते आवर्जून लिहून घ्या. कव्हर असलेल्या दिवसात वरून दिसतं ते प्लास्टिक, वेलही नाही आणि गवतही नाही. तुमच्या भागात असे प्लॉट वाढतायत, आणि कव्हर नेमकं गोडी छाटणीनंतरच्या पावसासाठी टाकलं जातं, म्हणजे आपल्या खिडकीतच. असे प्लॉट यादीतून बाजूला काढायचे.

एक तांत्रिक गोष्ट, जुनी वर्षं बघणार असाल तर. युरोपियन स्पेस एजन्सीने २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रोसेसिंगमध्ये बदल केला आणि प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. ते वजा न करता सूत्रात घातलं तर काय होतं बघा. खरा इन्फ्रारेड ३०००, लाल १५००, एनडीव्हीआय ०.३३. तेच ४००० आणि २५०० घातले तर ०.२३. गवत तेच, माती तीच, आणि तुमचा आलेख सांगणार की २०२२ पासून तालुक्यातलं आच्छादन कमी झालं. कुणी ते खरं मानून बैठकीत मांडलं तर शेतकऱ्यांना उगाच बोल लागतो. गुगल अर्थ इंजिनवर काम करत असाल तर नावात हार्मोनाइझ्ड असलेला संग्रह घ्या, त्यात हे आधीच सरळ केलेलं असतं. कोपर्निकस या युरोपच्या सॅटेलाइट कार्यक्रमाच्या साइटवरून स्वतः फाइल उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गणित करत असाल तर १००० स्वतः वजा करा. आणि लेव्हल २ए घ्या, हवेतल्या धुरक्याची दुरुस्ती केलेला, १सी नको.

जमिनीवर जाऊन पडताळणी केल्याशिवाय यातलं काहीही कुणाला दाखवू नका. त्यासाठी उपकरण लागत नाही. मी करते ते असं, बागेत पट्ट्यांमधून आडवं-तिरपं चालायचं, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते म्हणायचं, हिरवं, वाळलेलं, का माती, दुसऱ्याने रेघा मारायच्या. शंभर पावलं झाली की थेट टक्केवारी. हरळी असेल तर वेगळी लिहा, कारण हरळी शेतकरी कधीच मुद्दाम राखत नाही, ती असली तर तो ती काढायच्याच मागे असतो आणि पुढच्या वर्षी तुमचं "आच्छादन" गायब झालेलं दिसेल. कॅनोपिओसारखं मोबाइल ॲपही चालतं, कमरेच्या उंचीवरून सरळ खाली फोटो काढला की हिरव्याचे टक्के देतं, पण मांडवाखाली ऊन-सावलीचे ठिपके पडतात त्यात ते चुकतं, सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत काढा. हे सॅटेलाइटच्या तारखेच्या दोन-तीन दिवसातच करायचं, पंधरा दिवसांनी गेलात तर तोवर रोटाव्हेटर फिरून गेलेला असतो. आणि सगळे चांगले प्लॉट निवडू नका, पूर्ण कोरा, मध्यम, दाट, पाचटवाला, काळा, मुरमाड असे सगळे नमुने हवेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की या नकाशावरून सभासदांना बोनस द्यायचा का. मी देणार नाही. वर इतक्या अटी सांगितल्या, कव्हर, पाचट, छाटणीची तारीख, छोटा प्लॉट, यातली एक जरी नजरेआड झाली तरी काम केलेल्या माणसाचे पैसे जातात आणि एकदा असं झालं की तो शेतकरी पुन्हा पाचट आणत नाही. नकाशाचा उपयोग कुठे जाऊन बघायचं हे ठरवायला करा. समजा तुमच्याकडे बघायला दोनच माणसं आहेत, तर खिडकीतल्या फोटोंवर जे प्लॉट उघडे वाटतात आणि ज्यांनी "राखलंय" असं सांगितलंय, तिथे त्यांना आधी पाठवा. बोनस त्यांनी स्वतः बघून भरलेल्या फॉर्मवर.

सुरुवात करायला एक साधा तक्ता पुरे, प्लॉटचा क्रमांक, पद्धत मांडव का वाय का वाइन, खरड छाटणीची तारीख, गोडी छाटणीची तारीख, मातीचा प्रकार, कव्हर आहे का, पाचट आहे का, ताग कधी पेरला कधी गाडला. या हंगामाच्या गोडी छाटणीला अजून वेळ असेल तर हे आत्ताच भरून घ्या आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या खरड छाटणीनंतरचे फोटो काढून प्रत्येक प्लॉटचा कोऱ्या मातीचा आकडा तयार ठेवा. तक्ता भरून झाला की त्यातले दहा-बारा प्लॉट इथे टाका, शेतकऱ्यांची नावं काढून, कुठल्या प्लॉटला कुठल्या तारखांचे फोटो घ्यायचे ते बसून लावून देते.